वैशाखातले कळसूबाई

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. उंची १६४६ मीटर. अकोले तालुक्यातल्या बारी गावाहून वाट चढते. उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. गेल्या वैशाखात आम्ही मित्र तिथे गेलो, तेव्हा ऊन माणसाला कसे फसवते ते नीट उमगले.

हजार मीटर उंची वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात माथ्यावर भन्नाट वारा! घाम अंगावर ठरतच नाही, लगेच वाळतो. त्यामुळे घाम आलाच नाही असे वाटते. अंगातले पाणी मात्र जातच असते. कळसूबाईच्या छोट्या देवळाशी आमच्यातला एकजण पाणी नकोच म्हणत होता. त्याला बळेच पाजावे लागले.

हवा गार असली तरी दगड गार नसतो. हा काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. काळा रंग ऊन शोषून घेतो. दुपारी शिडीचे लोखंड तर हाताला धरवत नाही. आमच्या बेंबळीच्या रानाखालीही हाच दगड. पण तिथे वर माती आहे, बांधाला लिंब आहे.

बेंबळीत उन्हाळ्यात उन्हे चढण्याआधी औत सुटते. डोंगरालाही तोच नेम लावावा. अंधारात निघून दहाच्या आत शिड्या उतराव्यात. तहान लागण्याची वाट न बघता घोटघोट पाणी प्यावे, जवळ मीठ-साखर ठेवावी. कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर शिखराचा नाद सोडून त्याला सावलीत निजवावे, अंग ओले करून वारा घालावा आणि एकाला ताबडतोब खाली गावात धाडावे.