फोटोची चौकट

(घरातल्या जुन्या फोटोंसाठी साधी आणि सुरक्षित चौकट कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचा आणि एक चौकट स्वतः करून पाहा.)

तुमच्या घरी एखादी जुनी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात रेशनकार्ड असते, शाळेचे दाखले असतात आणि एखादे पिवळे पडलेले पाकीट असते. त्या पाकिटात दोनचार फोटो असतात. दादाजान तरुण असतानाचा एक, खालाच्या लग्नातला एक. ईदच्या सुमारास घराची साफसफाई निघाली, की पेटी उघडते. सगळे जण फोटो पाहतात, हसतात, थोडा वेळ गप्प बसतात. मग ते पाकीट पुन्हा पेटीत जाते.

हे फोटो भिंतीवर का नसतात? चौकट महाग पडते, असे घरातले सांगतात. मग कोणी तरी फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतो. कोणी जुन्या चौकटीत काचेला टेकवून बसवतो. दोनतीन पावसाळे गेले, की फोटोवर डाग पडतात. ओलीमुळे तो काचेला चिकटतो. ओढून काढला, तर चेहरा काचेवरच राहतो. जुन्या फोटोची दुसरी प्रत बहुधा नसते. तो गेला, की गेलाच.

म्हणून आज आपण एक वेगळी चौकट करू या. तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत आणि तिच्यात फोटोला खळीचा एक थेंबही लागत नाही.

फोटो जपण्याची काळजी फोटोइतकीच जुनी आहे. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची फोटो काढण्याची रीत जाहीर झाली. त्याचे फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असत. नुसते बोट फिरले, तरी चित्र खराब होई. म्हणून त्यावर काच ठेवत आणि काच चित्राला लागू नये म्हणून मध्ये एक कड घालत. आपल्या चौकटीतही अशी कड आहे.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) हे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको! त्या काळी फोटोचा कागद पातळ असे. तो गुंडाळू नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. आजच्या फोटोचा कागद जाड असतो. त्याला चिकटवण्याची गरज नाही.

साहित्य : जुन्या वह्यांचे किंवा खोक्याचे पुठ्ठे, कात्री, मोजपट्टी, पेन्सिल, जुन्या कापडाचा तुकडा, गव्हाचे पीठ.

आधी खळ करा. वाटीभर थंड पाण्यात दोन चमचे पीठ कालवा. गाठी राहू देऊ नका. घरातल्या मोठ्या माणसाला जवळ ठेवून ते मंद आचेवर ढवळत राहा. घट्ट झाले, की उतरवा. झाली खळ! हिलाच उर्दूत लेई म्हणतात. वह्या बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी असते. तुम्ही ते वापरू नका.

कृती : समजा, तुमचा फोटो १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच आहे. १६ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर उंच असे दोन पुठ्ठे कापा. एका पुठ्ठ्याच्या मधोमध ९ सेंटिमीटर रुंद आणि १४ सेंटिमीटर उंच खिडकी कापा. खिडकी फोटोपेक्षा थोडी लहान ठेवली, म्हणजे फोटो पुढे पडत नाही.

खिडकीच्या पुठ्ठ्यावर कापड खळीने चिकटवा. कापडाच्या कडा मागे दुमडा. मागच्या बाजूलाही कागद लावा. असे का? खळीने कापड ओले होते आणि वाळताना आखडते. एकाच बाजूला कापड असेल, तर ते पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढते आणि पुठ्ठा वाकतो. दोन्ही बाजूंनी सारखी ओढ असली, की तो सरळ राहतो. रात्रभर त्यावर जड पुस्तके ठेवा.

आता पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा. एक १६ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद. दोन १८ सेंटिमीटर लांब आणि २.८ सेंटिमीटर रुंद. मागच्या पुठ्ठ्यावर पहिली पट्टी खालच्या कडेला लावा आणि दुसऱ्या दोन पट्ट्या डावीउजवीकडे लावा. वरची बाजू उघडी ठेवा. या पट्ट्यांवर खिडकीचा पुठ्ठा चिकटवा. एक खिसा तयार झाला. सगळे पूर्ण वाळू द्या. मगच वरून फोटो आत सरकवा. कधी काढायचा झाला, तर चौकट उलटी धरा. फोटो अलगद बाहेर येईल.

चौकट सजवायची आहे? आपल्याकडे ज्वारीची काढणी झाली, की शिवारात कडबा असतो. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाला सोन्यासारखी चमक असते. सरळ धाटे निवडा आणि त्यांना दोन दिवस कडक ऊन दाखवा. मग ती चौकटीच्या चारही कडांना दोऱ्याने बांधा. मात्र धाट सोलताना सांभाळा. त्याच्या सालीची कड पात्यासारखी बोट कापते. धाटांऐवजी जुन्या ओढणीची किनारही छान दिसते. तुमच्या घरी भिंतीवर फोटो लावत नसतील, तर याच चौकटीत तुम्ही केलेले सुलेखन लावा.

चौकट कोठे लावावी, हेही महत्त्वाचे आहे. थेट उन्हात फोटोचे रंग उडतात. चुलीजवळ धूर बसतो. माळवदाच्या घरात पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. म्हणून आतली कोरडी भिंत निवडा. चौकटीच्या मागे धाटाचे दोन तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून हवा खेळेल. खळ पिठाची असते. कसर आणि वाळवी यांना ती आवडते. म्हणून महिन्यातून एकदा चौकट काढून पाहा.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही मुले आजीआजोबांजवळ गावात राहतात. अशा घरात आईवडिलांचा फोटो ही नुसती शोभेची वस्तू नसते. आता फोटो मोबाइलमध्ये असतात, हे खरे. पण मोबाइल बिघडला, की त्याच्याबरोबर फोटोही जाऊ शकतात. निदान एक फोटो कागदावर छापून घ्या.

साधी वस्तूसुद्धा जपली, तर टिकते. अंबाजोगाईला संत दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. पासोडी म्हणजे अंगावर घेण्याचे जाडेभरडे कापड. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब कापडावर आपला ग्रंथ लिहिला. चारशे वर्षांनंतरही ते कापड जपलेले आहे.

शेवटी एक काम राहिले. फोटोतली माणसे कोण आहेत, हे आज दादी सांगू शकते. उद्या कोण सांगणार? आज रात्री तिच्याजवळ बसा. कोण, कोठे, कोणत्या साली, हे विचारा. फोटोवर पेनने काही लिहू नका. शाई पसरते आणि पेनचा दाब पुढे उमटतो. एका कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने उर्दूत आणि मराठीत लिहा. ती चिठ्ठी फोटोच्या मागे खिशात सरकवा. मग तुमची चौकट खऱ्या अर्थाने पूर्ण झाली.

शब्दार्थ
मुलामा – पातळ थर
किताब – मानाची पदवी
धाट – ज्वारीचे ताट
शिवार – गावाची शेतजमीन
माळवद – लाकूड व माती यांचे सपाट छप्पर
कसर – कागद व कापड खाणारा किडा
सुलेखन – सुंदर अक्षर काढण्याची कला, खत्ताती

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चौकटीची खिडकी फोटोपेक्षा लहान का ठेवावी?
(आ) 'मुसव्विर जंग' हा किताब कोणाला मिळाला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कापड किंवा कागद लावावा.
(आ) फोटोवर पेनने लिहू नये.
प्र. ३. घरातील एका जुन्या फोटोची माहिती मोठ्या माणसांना विचारून पाच वाक्यांत लिहा.