अपूर्णांक संक्षिप्त करताना नेमके काय उडते?



पाचवी-सहावीत शिकलेला विषय पदवीच्या पाठात कशाला, असा प्रश्न शीर्षक वाचून तुम्हाला पडला असेल. याचे कारण उत्तरपत्रिकांमध्ये आहे. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक ओळ दरवर्षी हमखास भेटते:

(क्ष + ३)/३ = क्ष

वरच्या आणि खालच्या ३ वर तिरकी रेघ मारलेली असते. त्याआधीचे कलन बरोबर असते, सूत्रही बरोबर असते, पण उत्तर याच ओळीत हातचे जाते. ‘वरचा ३ आणि खालचा ३ उडाला’ हे वाक्य पाठ असते. तो केव्हा उडतो आणि का उडतो, हे मात्र शाळेतच मागे राहिलेले असते. या पाठात आपण तेवढेच पाहणार आहोत.

१. मूल्य तेच, भाग मोठे

४५ मिनिटे म्हणजे ४५/६० तास. व्यवहारात आपण त्याला पाऊण तास म्हणतो, म्हणजे ३/४ तास. इथे काय घडले? आधी तासाचे ६० भाग केले होते आणि त्यांतले ४५ घेतले होते. आता १५-१५ मिनिटांचा एक गट केला. तासात असे ४ गट बसतात आणि आपल्याकडे ३ गट आहेत. भाग मोठे झाले, म्हणून त्यांची संख्या कमी झाली. वेळ तेवढाच राहिला.

हेच गणितात मांडू:

४५/६० = (३ × १५)/(४ × १५) = ३/४ × १५/१५ = ३/४ × १ = ३/४

१५/१५ म्हणजे १. कोणत्याही संख्येला १ ने गुणले तर ती बदलत नाही, म्हणून हा १ लिहिला नाही तरी चालतो. आपण ज्याला ‘उडवणे’ म्हणतो ते एवढेच आहे. त्यामुळे उडालेल्या संख्यांच्या जागी शून्य उरत नाही, १ उरतो. ५/१५ मधून ५ उडवल्यावर उत्तर ०/३ नव्हे, १/३ येते.

२. रेघ अंकांवर मारायची नसते

आता एक गंमत पाहा. १६/६४ मधले दोन्ही ६ खोडा. उरते १/४, आणि उत्तर खरोखर बरोबर आहे! १९/९५ मधले ९ खोडले तर १/५ उरते, तेही बरोबर. २६/६५ आणि ४९/९८ यांतही हे जमते. मग हीच रीत १७/७४ ला लावा. ७ खोडल्यावर १/४ उरते, म्हणजे ०.२५. प्रत्यक्षात १७/७४ ची किंमत सुमारे ०.२३ आहे.

आधीची चारही उत्तरे केवळ योगायोगाने जुळली. १६ म्हणजे १० + ६ आणि ६४ म्हणजे ६० + ४. यातला ६ हा १६ चा गुणक नाही, बेरजेतला एक तुकडा आहे. १६/६४ संक्षिप्त होण्याचे खरे कारण असे, की १६ = १ × १६ आणि ६४ = ४ × १६. उडतो तो १६.

म्हणून नियम असा: अंश आणि छेद दोन्ही गुणाकाराच्या रूपात लिहिता आले पाहिजेत आणि दोन्हींत तोच गुणक असला पाहिजे. तरच तो उडतो.

३. सामाईक गुणक शोधायचा कसा?

लहान संख्यांसाठी विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात. ८४/१२६ घ्या. दोन्ही सम आहेत, २ ने भागून ४२/६३. ३ ने भागून १४/२१. ७ ने भागून २/३. आता २ आणि ३ यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही, म्हणून हे अतिसंक्षिप्त रूप. वाटेत आपण २, ३ आणि ७ ने भागले. त्यांचा गुणाकार ४२. हाच ८४ आणि १२६ चा महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे मसावि. तो आधीच माहीत असता तर काम एका पायरीत झाले असते.

पण ३९१/४९३ समोर आले तर? २, ३, ५, ७, ११ यांपैकी कशानेच भाग जात नाही. इथे बरेच जण ‘हे संक्षिप्त होत नाही’ असे लिहून मोकळे होतात. अशा वेळी भागाकाराची रीत वापरा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, मग भाजकाला बाकीने भागा आणि बाकी ० येईपर्यंत हेच करत राहा:

४९३ = १ × ३९१ + १०२
३९१ = ३ × १०२ + ८५
१०२ = १ × ८५ + १७
८५ = ५ × १७ + ०

शेवटचा भाजक १७ हाच मसावि. ३९१ = २३ × १७ आणि ४९३ = २९ × १७, म्हणून उत्तर २३/२९.

ही रीत का चालते? एखादी संख्या ४९३ आणि ३९१ या दोन्हींना भाग देत असेल, तर ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे १०२ लाही भाग देणारच. उलट, ३९१ आणि १०२ यांना भाग देणारी संख्या त्यांच्या बेरजेलाही भाग देते. म्हणजे प्रत्येक पायरीला संख्या लहान होतात, पण सामाईक विभाजक तेच राहतात. ही रीत युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने मांडलेली कुट्टक पद्धतीही अशाच एकामागून एक भागाकारांवर उभी आहे.

४. अक्षरे आली तरी नियम तोच

आता सुरुवातीच्या ओळीकडे वळू. (क्ष + ३)/३ मध्ये वरचा ३ हे पद आहे, गुणक नाही. पडताळा घ्या: क्ष = ६ असेल तर (६ + ३)/३ = ३ येते, ६ येत नाही. योग्य रूप आहे क्ष/३ + १.

याउलट (३क्ष + ३)/३ मध्ये अंशाचे ३ × (क्ष + १) असे अवयव पडतात. इथे ३ संपूर्ण अंशाचा गुणक आहे, म्हणून उत्तर क्ष + १.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. (क्ष² − ९)/(क्ष − ३) मध्ये अंशाचे अवयव (क्ष − ३)(क्ष + ३), म्हणून उत्तर क्ष + ३. पण उडालेला भाग (क्ष − ३)/(क्ष − ३) हा १ तेव्हाच असतो, जेव्हा क्ष ची किंमत ३ नसते. क्ष = ३ असेल तर ते ०/० होते आणि त्याला अर्थ नाही. म्हणून उत्तराशेजारी ‘क्ष ≠ ३’ ही अट लिहायची सवय लावा. पुढे सीमा शिकताना सगळा खेळ याच अटीवर चालतो.

५. अतिसंक्षिप्त रूप काय सांगते?

संक्षिप्त रूप केवळ नीटनेटकेपणासाठी नसते. ६/१५ चे दशांश रूप संपते का? छेदात ३ आहे म्हणून ‘नाही’ म्हणाल तर चुकाल. आधी संक्षिप्त करा: २/५ = ०.४. अतिसंक्षिप्त रूपाच्या छेदात २ आणि ५ यांखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल तरच दशांश रूप संपते.

यंत्रशाखेतले उदाहरण घ्या. २४ आणि ३६ दात्यांची दोन चक्रे एकमेकांत फिरत आहेत. २४/३६ = २/३, म्हणजे लहान चक्राच्या दर ३ फेऱ्यांनी तोच दाता समोरच्या त्याच दात्याला भेटतो. एका दात्यात दोष असेल तर ठरावीक दात्यांचीच झीज होत राहते. मोठ्या चक्राला ३७ दाते दिले तर २४/३७ आणखी संक्षिप्त होत नाही. आता तीच जोडी ३७ फेऱ्यांनी भेटते आणि झीज सगळ्या दात्यांवर वाटली जाते. संक्षिप्त न होणारा अपूर्णांक इथे मुद्दाम निवडलेला असतो.

सरावासाठी

१. ३२३/४३७ अतिसंक्षिप्त रूपात लिहा.
२. (५अ + १०)/५ आणि (५अ + १)/५ यांपैकी कशातला ५ उडतो?
३. २१/७५ चे दशांश रूप संपते का?

उत्तरे: १. मसावि १९, म्हणून १७/२३. २. पहिल्यातला, उत्तर अ + २. दुसऱ्यात १ ला ५ ने भाग जात नाही, म्हणून ५ संपूर्ण अंशाचा गुणक नाही. ३. हो; ७/२५ = ०.२८.

यापुढे रेघ मारण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी खोडतो आहे ते संपूर्ण अंशाला आणि संपूर्ण छेदाला गुणलेले आहे का? उत्तर ‘हो’ असेल तरच पेन चालवा.