सोनटक्का : सावलीतील सुगंधी फूल

श्रावण-भाद्रपदातील एखाद्या संध्याकाळी परसातल्या ओलसर कोपऱ्यातून गोड सुगंध येऊ लागला म्हणजे सोनटक्का उमलला हे पाहण्यापूर्वीच कळते. बंगालीत यास दोलनचाँपा म्हणतात, तर मध्य भारतात हा गुलबकावली या नावाने परिचित आहे. पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या प्रदेशात तो मूळचा होय. आले, हळद व वेलदोडा ही त्याची कुलबंधू. १७८३ साली क्योनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यास हेडिकियम कॉरोनेरियम हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दात ‘गोड’ आणि ‘हिम’ या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत; दुसऱ्याचा अर्थ ‘हारांस योग्य’ असा आहे.

फुलाची रचना

एक ते दोन मीटर उंचीच्या दांड्याच्या टोकाशी हिरव्या छदांचे दाट कणीस येते. प्रत्येक छदाआड काही कळ्या असतात व त्या एकामागून एक उमलतात. म्हणून एक फूल जेमतेम दिवसभर टिकले, तरी कणीस कित्येक दिवस फुलत राहते. आपण ज्यांना पाकळ्या समजतो त्या वस्तुतः पाकळ्या नव्हेत. खऱ्या पाकळ्या अरुंद असून मागे लोंबतात. फुलपाखराच्या पंखांसारखे दिसणारे पांढरे भाग म्हणजे रूपांतर पावलेले वांझ केसर होत. त्यांपैकी दोन एकत्र जुळून पुढील रुंद ओठ बनतो. परागकण देणारा केसर एकच असतो. त्याच्या खाचेतून स्त्रीकेसराचा बारीक दांडा जातो व त्याचे टोक परागकोशाच्या किंचित पुढे डोकावते. ही रचना भिंगाशिवायही दिसते. वाचकांनी एक फूल हाती घेऊन ती अवश्य पाहावी.

सुगंध कशासाठी?

सुगंध माणसाच्या आनंदासाठी निर्माण झालेला नाही. फुलाची नळी लांब व अरुंद असल्याने तिच्या तळाचा मध लांब सोंडेच्या पतंगांनाच सहज गाठता येतो, आणि हे पतंग सायंकाळनंतर संचार करतात. अंधारात त्यांना पांढरा रंग दिसतो व वास वाट दाखवितो. फूल संध्याकाळच्या सुमारास उमलते ते याच कारणाने. लिनालूल, मिथिल बेंझोएट आणि निलगिरीच्या तेलातही आढळणारे सिनिओल ही सुगंधातील काही द्रव्ये होत. म्हणून फुलाचा आस्वाद दुपारी नव्हे, तर तिन्हीसांजेस घ्यावा. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते मलूल होऊन पिवळसर पडते.

लागवड

सोनटक्का बियांपेक्षा कंदापासून लावणे सोपे. पावसाळ्याच्या तोंडी, दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे सुमारे ५ ते ८ सेंटिमीटर खोल व अर्धा मीटर अंतरावर लावावेत. मातीत पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरपूर मिसळावे. जागा निवडताना सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळेल असे पाहावे. कडक उन्हात पाने करपतात. उलट गडद काळोखात पाने माजतात, पण कणसे येत नाहीत. न्हाणीचे पाणी जाते तो कोपरा आपल्या आजीबाईंनी यासाठी निवडला, त्यामागे हेच अनुभवज्ञान होते. मात्र मुळे फुटण्यापूर्वी पाणी तुंबल्यास कंद कुजतो. एका दांड्यावर एकदाच फुले येतात. म्हणून फुलून गेलेला दांडा बुडाशी कापावा, म्हणजे नव्या कोंबांस जागा व अन्न मिळते. तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला की खणून विभागावा. कडक थंडीत वरचा भाग वाळला तरी कंद जिवंत राहतो. चैत्र-वैशाखात पाणी देताच तो पुन्हा फुटतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

अमरकंटकच्या परिसरात गुलबकावलीचा अर्क डोळ्यांच्या विकारांवर वापरण्याची जुनी प्रथा आहे. परंतु डोळ्यासारख्या नाजूक इंद्रियात घरी काढलेला अर्क घालणे धोक्याचे असते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय ते करू नये. शिवाय औषधासाठी रानातील कंदच खणून नेले, तर तेथील झाडांचा नाश होतो. फूल तोडल्याने झाड मरत नाही, कंद उपटल्याने मरते.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. क्यूबाने हे फूल राष्ट्रीय पुष्प म्हणून गौरविले. परंतु ब्राझील, हवाई बेटे व दक्षिण आफ्रिका येथे बागेतून निसटलेल्या सोनटक्क्याने ओढ्याकाठची मूळची वनस्पती दडपून टाकली आहे. तेव्हा गड्डे विभागताना उरलेले तुकडे नाल्यात वा ओढ्यात टाकू नयेत. ते शेजाऱ्यास द्यावेत. जी वनस्पती एका ठिकाणी जपावी लागते, तीच दुसरीकडे आवरावी लागते. दोन्ही कामांस तिची नीट ओळख हवी, आणि त्या ओळखीचा आरंभ परसातील एका कंदापासून करता येतो.