रानडुकरांची शिकार : हंगाम नाही, परवानगी लागते

रत्नागिरी : भाताचा दाणा भरू लागला की मिरजोळे परिसरासह कोकणात शेतकऱ्याला धास्ती असते ती रानडुकरांची. दिवसा दाट जाळीत बसायचं, रात्री मळ्यात उतरायचं. खातात थोडं, तुडवतात जास्त.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीला हंगाम आणि इलाका ठरवून परवाना मिळतो. आपल्याकडे तसं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आता अनुसूची २ मध्ये आहे. मात्र उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार वन विभाग लेखी परवानगी देऊ शकतो. ती मिळेपर्यंत बार काढला तर शेतकरीच आरोपी ठरतो.

फासकी, विजेची तार हे मार्ग तर नकोच. त्यात बिबट्या अडकतो, पहाटे मळ्यावर जाणारा माणूसही जातो.

नुकसान झालं तर तुडवलेलं भात लगेच कापू नका. फोटो काढा, सातबारा घेऊन वन कार्यालयात ताबडतोब अर्ज द्या. पंचनामा झाला तरच भरपाई मिळते.