क्रोमियम विलेपन व त्याचे पर्याय

पोलाद, पितळ इ. धातूंच्या पृष्ठभागावर विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने क्रोमियमाचा थर देण्याच्या क्रियेस क्रोमियम विलेपन म्हणतात. हवा लागताच क्रोमियमावर त्याच्या ऑक्साइडाचे अतिशय पातळ व घट्ट पटल तयार होते. त्यामुळे लेपाची चकाकी टिकून राहते. शोभेचा लेप बहुधा ०·२५ ते ०·५ मायक्रॉन (१ मायक्रॉन = १ मिमी. चा हजारावा भाग) जाडीचा असून तो निकेलाच्या बऱ्याच जाड थरावर देतात. मोटारसायकलीच्या हँडलाचे वा नळाच्या तोटीचे गंजापासून खरे संरक्षण हा निकेलाचा थरच करतो. क्रोमियमामुळे निकेल काळवंडत नाही, इतकेच. दट्ट्यांचे दांडे, छपाईचे रूळ इ. भागांवर मात्र पोलादावरच जाड लेप देतात. त्याची व्हिकर्झ कठिनता सु. ८०० ते १,००० असते व त्यास कठीण क्रोमियम विलेपन म्हणतात.

सार्जंट यांनी १९२० मध्ये यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कॉलिन फिंक यांनी कोलंबिया विद्यापीठात ही पद्धत उद्योगास उपयुक्त अशा स्वरूपात आणली. रूढ विद्रावात दर लिटरला सु. २५० ग्रॅ. क्रोमियम ट्रायऑक्साइड व २·५ ग्रॅ. सल्फ्यूरिक अम्ल असते. प्रवाहाचा केवळ १० ते २० टक्के भाग क्रोमियम साचण्यासाठी खर्ची पडतो. उरलेल्यामुळे मुख्यतः हायड्रोजन वायू निर्माण होतो. त्याचे बुडबुडे फुटताना क्रोमिक अम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. ते दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास नाकाच्या पडद्यास भोक पडते व फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्संयुजी क्रोमियमाची संयुगे माणसात कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून नोंदली. तयार लेपातील धातुरूप क्रोमियमापासून असा धोका नसतो. तो टाकीशेजारी उभे राहणाऱ्या कामगारास असतो आणि सांडपाणी जमिनीत मुरल्यास आसपासच्या विहिरींनाही. तुषार रोखण्यासाठी विद्रावात मिसळले जाणारे परफ्ल्युओरोऑक्टेन सल्फॉनेट हे द्रव्यही चिवट प्रदूषक ठरले व २००९ मध्ये स्टॉकहोम करारातील नियंत्रित द्रव्यांच्या यादीत गेले. उपायच अपाय ठरल्याचे हे उदाहरण होय. यूरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडाच्या अशा वापरास परवानगी आवश्यक झाली.

शोभेच्या लेपासाठी त्रिसंयुजी क्रोमियमाचे विद्राव १९७० नंतरच्या दशकात व्यवहारात आले. त्यांची विषाक्तता पुष्कळच कमी असते. परंतु लोह वा तांबे यांचा अंश मिसळताच लेप बिघडतो, त्याच्या रंगात किंचित फरक पडतो आणि जाड व निर्दोष थर मिळविणे अवघड जाते. शिवाय धनाग्रापाशी त्रिसंयुजी क्रोमियमाचे षट्संयुजीत रूपांतर होऊ नये म्हणून विशिष्ट धनाग्रे वापरावी लागतात.

कठीण लेपाच्या बाबतीत १९८० नंतर पुढे आलेली अतिवेगी ज्वाला-फवारणी ही पद्धत महत्त्वाची ठरली. तीत ऑक्सिजन व इंधन उच्च दाबाखाली जाळून मिळणाऱ्या, ध्वनीपेक्षा अधिक वेगाच्या झोतात टंगस्टन कार्बाइड व कोबाल्ट यांची भुकटी सोडतात. पृष्ठभागावर आदळणारे कण चपटे होऊन दाट थर बनतो. विद्युत् विलेपनात पोलादात शिरणाऱ्या हायड्रोजनामुळे उच्च बलाचे पोलाद ठिसूळ होते व ते टाळण्यासाठी भाग सु. १९०° से. ला काही तास तापवावे लागतात. फवारणीत हा प्रश्न उद्भवत नाही. म्हणूनच विमानाच्या चाकांच्या आधारदांड्यांवर ती रुजली. तथापि झोत जेथे सरळ पोहोचतो तेथेच लेप बसतो. अरुंद नळीच्या आतील बाजूस ती निरुपयोगी ठरते. तसेच लेप घासून गुळगुळीत करण्यास हिऱ्याची चाके लागतात. लहान कारखान्यास हा खर्च सहसा पेलत नाही.

नळीच्या आतील पृष्ठासाठी ब्रेनर व रिडेल यांनी १९४० नंतरच्या दशकात शोधलेले विद्युत् प्रवाहाविना होणारे निकेल विलेपन सोयीचे पडते. हायपोफॉस्फाइटाच्या क्षपणक्रियेने साचणारा हा निकेल-फॉस्फरस थर कोनाकोपऱ्यांतही सारख्या जाडीचा असतो आणि सु. ४००° से. ला तापविल्यास त्याची कठिनता क्रोमियमाच्या जवळपास जाते. मात्र विद्राव लवकर निकामी होतो व त्याची विल्हेवाट हा निराळाच प्रश्न असतो. कापण्याच्या हत्यारांवर निर्वातात देण्यात येणारा टिटॅनियम नायट्राइडाचा सोनेरी लेप क्रोमियमापेक्षा दुपटीहून अधिक कठीण असतो. पण त्याची जाडी काही मायक्रॉनच असल्याने झिजलेला भाग पुन्हा मूळ मापास आणण्याचे काम त्याने होत नाही.