लहान मुलांची हाडांची शस्त्रक्रिया : खाट वाढली म्हणजे क्षमता वाढते का?



गट बैठकांतून एक सूचना वारंवार येते : "लहान पोरांच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी कारखान्याने दवाखान्याला खाटा द्याव्यात." सूचना चांगली आहे, आणि सहकाराला ती नवीही नाही. लोणी व कराड येथील मोठी रुग्णालये साखर कारखानदारीच्या पाठबळातूनच उभी राहिली. पण पैसा घालण्याआधी तो नेमका कुठे घालायचा, हे आपण समजून घेऊ.

गव्हाणीसमोर उसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून गाळप वाढत नाही. मिल मोठी बसवली आणि बॉयलरला वाफ कमी पडली, तर गाळप वाफेइतकेच होते. दवाखान्याचेही तसेच आहे. आपल्या भागाचा मोठा आधार म्हणजे संत तुकाराम नगरातील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. तेथे सुमारे ७५० खाटा आहेत. परंतु कोणत्याही रुग्णालयात मुलाच्या हाडाची शस्त्रक्रिया करायची तर नुसती खाट पुरत नाही. लहान मुलांना भूल देणारा जाणता डॉक्टर हवा, लहान मापाची हत्यारे व सळ्या हव्यात, ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारे सी-आर्म यंत्र हवे, नंतर व्यायाम करून घेणारा माणूस हवा. मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा थर असतो. त्याला धक्का लागला तर हाड आखूड किंवा वाकडे वाढते. म्हणून हे काम मोठ्या माणसाच्या हाडापेक्षा वेगळे. यातले एक जरी कमी पडले, तरी खाट रिकामी आणि पोर घरी.

दुसरी गोष्ट वेळेची. जन्मतः आत वळलेले पाऊल साधारण हजार मुलांत एखाद्याला असते. अमेरिकेतील डॉ. पोन्सेटी यांच्या पद्धतीत बाळ लहान असतानाच दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ येते. मग बहुतेकांना टाचेमागच्या शिरेवर एक लहानसा छेद द्यावा लागतो. पुढे जोडबूट : तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना. बूट सोडले की पाऊल पुन्हा वळते. खुब्याचा सांधा जन्मतः निसटलेला असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत बहुधा पट्ट्यांवर भागते. पोर चालू लागल्यावर लक्षात आले, तर सांधा उघडून बसवावा लागण्याची वेळ येते, आणि पुढे कित्येक आठवडे कमरेपासून प्लास्टर. म्हणजे लवकर आलेले प्रत्येक बाळ एक मोठे ऑपरेशन वाचवते. ही वाढलेली क्षमताच नव्हे काय?

उपचाराच्या पैशाची सोय बरीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या निर्णयाने कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत व १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्यात अंगणवाडी व शाळेत मुलांची तपासणी होते, आणि पाऊल व खुबा हे दोन्ही दोष त्यात येतात.

मग अडते कुठे? अडते ते दर आठवड्याच्या एस.टी. भाड्यात, बुडालेल्या रोजात, आईच्या मुक्कामात. सर्वांत जास्त अडते ते ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांवर. तपासणी गावी, पोर मात्र फडावर. तिसरे प्लास्टर झाले की टोळी पुढच्या फडात. पट्टा पडला की घरची वाट, आणि बूट तसेच पडून.

म्हणून आमचे म्हणणे असे : देणगी देताना नावाच्या पाटीची खाट देऊ नये. आधी रुग्णालयाला विचारावे, "तुमची वाफ कुठे कमी पडते?" तिथे पैसा द्यावा. उरलेला जोडबूट व ये-जा यांसाठी ठेवावा. कोप्यांवरच्या तान्ह्या मुलांची नोंद हंगाम सुरू होतानाच गट कार्यालयात व्हावी.

आणि एक विनंती. घरात बाळ जन्मले की त्याची दोन्ही पावले, मांड्यांच्या वळ्या आणि पायांची लांबी नीट पाहा. फरक दिसला तर "मोठं झालं की होईल सरळ" म्हणून थांबू नका. लागण चुकली तर पुढल्या हंगामात सुधारता येते, पोराचे पहिले सहा महिने परत येत नाहीत.

— संपादक मंडळ