विश्लेषण : गांजाच्या गमी, चॉकलेटने दुखणे खरेच थांबते? धोका कुठे आणि कायदा काय सांगतो?

अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि कॅनडात गांजाच्या गोळ्या, चॉकलेट, बिस्किटे दुकानात राजरोस मिळतात. केमोथेरपीनंतरच्या उलट्या, जुनी सांधेदुखी, झोप न येणे अशा तक्रारींसाठी तिथले अनेक रुग्ण ती घेतात. नातेवाईक परदेशात असलेल्या मराठी कुटुंबांपर्यंतही ही चर्चा पोहोचली आहे. ‘ओढायचे नाही, नुसते चघळायचे, मग त्यात वाईट काय?’ असा प्रश्न विचारला जातो. या पदार्थांचा उपयोग किती, धोका कुठे आणि भारतात ते बाळगल्यास काय होऊ शकते, याचा हा आढावा.

‘एडिबल्स’ म्हणजे नेमके काय?

गांजाचा अर्क मिसळलेल्या खाद्यपदार्थांना ‘एडिबल्स’ म्हणतात. गमी, चॉकलेट, केक, बिस्किटे, सरबते असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. गांजाच्या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट रसायने असतात. त्यातील दोन महत्त्वाची. टीएचसीमुळे नशा येते, भूक वाढते, मळमळ कमी होऊ शकते. सीबीडीमुळे तशी नशा येत नाही. पाकिटावर या दोन्हींचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलेले असते.

ही कल्पना भारताला नवी नाही. भांगेची ठंडाई आणि माजूम हे एडिबल्सच. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. दूध, तूप, बदाम यांच्यासोबत भांग देण्याच्या जुन्या रीतीला त्यामुळे रसायनशास्त्राचाही आधार आहे.

ओढणे आणि खाणे यात फरक काय?

सगळा फरक वेळेचा आहे. धूर फुप्फुसांतून रक्तात जातो आणि काही मिनिटांत परिणाम जाणवतो. खाल्लेला पदार्थ आधी पोटात, मग आतड्यात आणि तिथून यकृतात जातो. यकृत टीएचसीचे रूपांतर ‘११-हायड्रॉक्सी-टीएचसी’ या रसायनात करते. हे रसायनही नशा आणणारे असून मेंदूपर्यंत सहज पोहोचते.

कॅनडाच्या आरोग्य खात्याच्या माहितीनुसार, खाल्ल्यानंतर परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. पूर्ण परिणाम दिसायला चार तासही लागू शकतात. तो बारा तासांपर्यंत टिकू शकतो आणि त्याचे पडसाद चोवीस तासांपर्यंत राहू शकतात. पोट रिकामे आहे की भरलेले, जेवणात तेल-तूप किती होते, यावरही शोषण बदलते. एकच गमी एका माणसाला सोमवारी आणि गुरुवारी वेगवेगळी वाटू शकते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या दुखण्यात हा लांबलेला परिणाम रुग्णाला सोयीचा वाटतो. मात्र मात्रा जास्त झाली तर तोच परिणाम तासन्‌तास उतरत नाही.

मात्रेचा घोळ कसा होतो?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०१४ मध्ये गांजाची किरकोळ विक्री सुरू झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत घडलेल्या घटनेची नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, प्रसिद्ध केली. १९ वर्षांच्या तरुणाने ६५ मिलिग्रॅम टीएचसी असलेले एक बिस्किट घेतले. त्याचे सहा तुकडे करून एकच खा, असे विक्रेत्याने सांगितले होते. त्याने तसे केले. अर्धा-एक तास काहीच जाणवले नाही, म्हणून उरलेले सगळे खाल्ले. पुढे तो असंबद्ध बोलू लागला, आक्रमक झाला आणि शेवटी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून उडी मारून मरण पावला.

अशी घटना दुर्मीळ आहे. पण ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा तुकडा घेण्याची चूक दुर्मीळ नाही. कोलोरॅडोतील एका मोठ्या रुग्णालयातील नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आला. २०१४ ते २०१६ या काळात राज्यात विकल्या गेलेल्या एकूण टीएचसीपैकी खाद्यपदार्थांचा वाटा जेमतेम ०.३२ टक्के होता. गांजामुळे आपत्कालीन विभागात आलेल्यांत मात्र खाद्यपदार्थ घेतलेले १०.७ टक्के होते.

छापील प्रमाणावर विसंबायचे, तर तिथेही अडचण आहे. अमेरिकेतील तीन शहरांतून घेतलेल्या ७५ खाद्य उत्पादनांची तपासणी २०१५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात केवळ १७ टक्के उत्पादनांवरील टीएचसीचे प्रमाण अचूक निघाले. २३ टक्क्यांत छापल्यापेक्षा जास्त, तर ६० टक्क्यांत कमी टीएचसी होते.

यानंतर नियम कडक झाले. कॅनडात ऑक्टोबर २०१९ पासून खाद्य उत्पादनांना परवानगी आहे, पण एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. कॅलिफोर्नियात मर्यादा एका तुकड्याला १० आणि पाकिटाला १०० मिलिग्रॅम आहे. नवख्याने २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसीपासून सुरुवात करावी, असे कॅनडाचे आरोग्य खाते सांगते. म्हणजे कॅलिफोर्नियातील एक तुकडाच नवख्यासाठी चौपट ठरतो.

कोणत्या त्रासात खरोखर उपयोग होतो?

इथे दावे आणि पुरावे यांत मोठे अंतर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१७ च्या अहवालाने तीन बाबतींत भक्कम पुरावा असल्याचे म्हटले : प्रौढांतील जुनाट वेदना, केमोथेरपीमुळे होणारी मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडणे.

पण उपयोग होतो म्हणजे किती होतो? ‘बीएमजे’ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, जुनाट दुखण्यात तोंडावाटे वगैरे घेतलेल्या वैद्यकीय गांजाने, औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत शंभरात साधारण दहा जास्त रुग्णांना लक्षणीय आराम मिळाला. झोपेच्या बाबतीत हा आकडा सहाच्या आसपास होता. नेहमीचे उपचार पुरेसे न पडल्यासच प्रयोग करून पाहावा, अशी सौम्य शिफारस त्यावरून झाली. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या ‘आयएएसपी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर त्याच वर्षी सरसकट वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला.

कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या अमेरिकी संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही अशाच आहेत. उलटीची नेहमीची औषधे नीट देऊनही त्रास थांबत नसेल, तर ही औषधे जोडीला देता येतील. मात्र कर्करोग बरा करण्यासाठी गांजा वापरू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आणखी एक मुद्दा महत्त्वाचा. मान्यताप्राप्त औषधे आणि दुकानातील गमी एक नव्हेत. ड्रोनाबिनॉल ही टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. शुद्ध सीबीडीचे ‘एपिडिओलेक्स’ २०१८ मध्ये लहान मुलांतील दोन दुर्मीळ व गंभीर प्रकारच्या अपस्मारासाठी मान्य झाले. त्यांची मात्रा नेमकी, चाचण्या झालेल्या आणि देखरेख डॉक्टरची असते. या औषधांचे निष्कर्ष गमीच्या पाकिटाला चिकटवता येत नाहीत.

कोणी दूरच राहावे?

स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असलेल्यांना टीएचसीमुळे भ्रम, भास उद्भवण्याचा धोका अधिक असतो. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावे. हृदयाची धडधड वाढते, उभे राहताना रक्तदाब घसरू शकतो. वयस्कर रुग्ण पडून मांडीचे हाड मोडण्याची भीती त्यामुळे खरी आहे. घेतल्यानंतर गाडी चालवणे धोक्याचे.

इतर औषधांशीही गाठ पडते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अपस्मारावरील क्लोबाझामसोबत सीबीडी घेतल्यास गुंगी वाढते. झोपेच्या गोळ्या आणि दारूसोबत तर हे मिश्रण अधिकच घातक.

घरातील लहान मुलांचा धोका वेगळा. गमी दिसायला खाऊच असतो. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालील मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या.

भांग चालते, मग गमी का नाही?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस, गांजा आणि त्यांचे कोणतेही मिश्रण किंवा पेय यांवर बंदी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. भांग पानांपासून होते, म्हणून ती या कायद्यातून निसटते. पण म्हणून ती सर्वत्र मोकळी नाही. तिचे नियमन राज्ये करतात आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो.

परदेशातील गमीत सहसा फुलोऱ्याचा अर्क असतो. त्यामुळे ती ‘मिश्रणा’त मोडू शकते. इथेच २०२० चा हिरा सिंग खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा ठरतो. अमली पदार्थाचे प्रमाण ठरवताना त्यात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचे वजनही धरायचे, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे टीएचसी काही मिलिग्रॅम असले, तरी साखर-जिलेटिनसह पूर्ण वजन मोजले जाऊ शकते. गांजाच्या अल्प प्रमाणासाठीही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तिथल्या दुकानाचे बिल किंवा ‘मेडिकल कार्ड’ हा भारतातील परवाना नव्हे.

भारतात मिळणारी सीबीडी तेले, ‘विजया’ औषधे काय आहेत?

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातीफलादी चूर्णासारख्या जुन्या औषधांत ती असते. औषध नियमांच्या ‘ई-१’ या विषारी द्रव्यांच्या यादीत तिचा समावेश असल्याने अशी औषधे वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. पानांपासून काढलेल्या अर्काची तेले आयुष परवान्याखाली विकली जातात. परवाना कायदेशीरपणा सांगतो. तुमच्या दुखण्यावर ते लागू पडेल का, हा वेगळा प्रश्न आहे.

हेम्पच्या बिया आणि त्यांचे तेल हा तिसरा प्रकार. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोला पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. हे पौष्टिक अन्न आहे, वेदनाशामक नाही.

मग त्रास असह्य झाला तर काय करावे?

गमीचा विचार मनात येतो, तेव्हा बहुतेकदा मूळ त्रासावरचे उपचार अपुरे पडत असतात. केमोच्या उलट्यांसाठी ऑन्डान्सेट्रॉन, ओलान्झापिनसारखी औषधे भारतात सहज आणि स्वस्तात मिळतात. त्यांची मात्रा, वेळ किंवा जोडी बदलून बराच फरक पडतो. त्यासाठी ‘उलट्या होतात’ एवढे सांगून भागत नाही. किती वेळा, केमोनंतर कितव्या दिवशी, अन्न टिकते का, हे लिहून डॉक्टरांना दाखवावे.

कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे जगभर मान्य औषध आहे. एनडीपीएस कायद्याच्या किचकट परवान्यांमुळे ते भारतात वर्षानुवर्षे रुग्णांपर्यंत पोहोचत नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट सोपी केली आणि मान्यताप्राप्त रुग्णालये ते देऊ शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसह अनेक रुग्णालयांत उपशामक उपचारांचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, स्वतंत्र विभाग असतो. हा विभाग केवळ शेवटच्या दिवसांसाठी असतो, हा गैरसमज आहे. उपचार सुरू असतानाही वेदना, मळमळ, झोप यांसाठी तिथे जाता येते.

आणि कोणी असा पदार्थ आधीच घेतला असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. भूल देण्यापूर्वी आणि नवे औषध सुरू करताना ही माहिती जीव वाचवू शकते. कोणी जास्त खाल्ल्याचे लक्षात आले, तर आणखी काही न देता, एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. पाकीट सोबत घ्यावे, म्हणजे मात्रा किती झाली हे कळते.